जीवरक्षक नौकेपासून गिरिशिबिरापर्यंत : किशोरवयीनांच्या साहसशिबिरांचा शैक्षणिक इतिहास

प्रस्तावना

उन्हाळी सुट्टीत किशोरवयीन मुलामुलींनी घरापासून दूर, रानात, डोंगरात किंवा पाण्यावर काही दिवस एकत्र राहावे ही कल्पना आता शहरी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली आहे. पालक शुल्क भरतात, शाळा-महाविद्यालये संमती देतात आणि मूल अधिक धीट, अधिक स्वावलंबी होऊन परतेल अशी सर्वांचीच अपेक्षा असते. मात्र साहसातून नेमके कोणते शिक्षण घडते आणि ते घडविताना मुलाच्या जिवाची जबाबदारी कोणावर असते, हे दोन प्रश्न क्वचितच एकत्र विचारले जातात. पहिला प्रश्न शिक्षणशास्त्राचा आणि दुसरा कायद्याचा, अशी सोयीची विभागणी केली जाते. साहसशिबिरांचा इतिहास या विभागणीला पुष्टी देत नाही.

ब्रिटनमधील अ‍ॅबरडोव्ही येथे १९४१ मध्ये स्थापन झालेल्या आउटवर्ड बाउंड या सागरी शाळेला केंद्रस्थानी ठेवून प्रस्तुत लेखात या शिबिरांच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे. त्या शाळेची पूर्वपीठिका, तिचा विस्तार, या क्षेत्राला हादरवून टाकणारे दोन अपघात आणि भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, समांतर प्रवाह असा विवेचनाचा क्रम आहे. साहसशिबिराचे शैक्षणिक मूल्य धोक्यात नसून जबाबदारी टप्प्याटप्प्याने मुलांच्या हाती सोपविण्यात आहे आणि हे सोपविण्याची पात्रता ज्याच्याकडे नाही त्याच्या हाती साहस हे शिक्षण राहत नाही, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शिबिरकल्पनेची पूर्वपीठिका

शालेय शिबिराचा आरंभ सामान्यतः अमेरिकेतील कनेटिकट राज्यात शोधला जातो. वॉशिंग्टन या गावी निवासी शाळा चालविणारे फ्रेडरिक गन यांनी १८६१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना पायी समुद्रकिनारी नेले आणि सुमारे दोन आठवडे तंबूंत मुक्काम केला. यादवी युद्धाला नुकतेच तोंड फुटले होते आणि सैनिकांसारखे उघड्यावर राहण्याचे मुलांना आकर्षण होते. पुढे १८८१ मध्ये अर्नेस्ट बाल्च यांनी न्यू हॅम्पशायरमधील स्क्वाम सरोवराच्या एका बेटावर चोकोरुआ हे शिबिर सुरू केले. संपन्न घरांतील मुलांची उन्हाळी सुट्टी हॉटेलांत आळसात जाते, ही बाल्च यांची तक्रार होती. म्हणून त्या शिबिरात नोकर नव्हते. स्वयंपाक, भांडी, होड्यांची देखभाल ही सारी कामे मुलांनीच करावयाची होती. शिबिराची प्रेरणा युद्धाच्या आकर्षणाकडून श्रमाच्या संस्काराकडे वळल्याचे येथे दिसते.

ब्रिटनमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. त्यात उच्चभ्रू शाळांतील आणि कामकरी कुटुंबांतील मुले एकत्र होती. त्यांचे लहान गट पाडून प्रत्येक गटाचा नायक मुलांमधूनच नेमण्यात आला. पुढे बालवीर चळवळीचा गणवेश, संचलन आणि साम्राज्यनिष्ठा यांवर पुष्कळ टीका झाली व ती अनाठायी नव्हती. परंतु वयाने थोड्याशाच मोठ्या मुलावर आपल्या गटाची जबाबदारी टाकण्याची ही पद्धत चळवळीच्या राजकारणापेक्षा अधिक काळ टिकली. भारतात या चळवळीच्या प्रारंभी भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. अ‍ॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी आदींनी पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वतंत्र भारतीय संघटना उभारल्या. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५० मध्ये, विविध प्रवाह भारत स्काउट्स आणि गाइड्स या संघटनेत एकत्र आले.

कुर्ट हान यांचा शिक्षणविचार

कुर्ट हान यांचा जन्म १८८६ मध्ये बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. जर्मन साम्राज्याचे अखेरच्या काळातील चान्सलर प्रिन्स मॅक्स यांचे ते सचिव होते. त्यांच्याच सहकार्याने १९२० मध्ये हान यांनी सालेम येथे निवासी शाळा स्थापन केली. पराभूत आणि विदीर्ण राष्ट्रात विवेकी नागरिक घडवावयाचे, हा त्या शाळेचा हेतू होता. पोटेम्पा येथे नाझी कार्यकर्त्यांनी केलेल्या एका कामगाराच्या हत्येचे हिटलरने १९३२ मध्ये समर्थन केले, तेव्हा हान यांनी सालेमच्या माजी विद्यार्थ्यांना शाळा किंवा हिटलर यांपैकी एकाची निवड करण्याचे आवाहन केले. १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांच्या हस्तक्षेपानंतर त्यांची सुटका झाली आणि त्याच वर्षी त्यांनी ब्रिटनमध्ये आश्रय घेतला. १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डन्स्टन ही शाळा त्यांनी सुरू केली.

या चरित्रातील एक बाब शैक्षणिक दृष्टीने महत्त्वाची आहे. शारीरिक कणखरपणा, निसर्गात भ्रमंती, तंबूंतील समूहजीवन या सर्व गोष्टी हिटलरच्या युवक संघटनेनेही स्वीकारल्या होत्या. त्यामुळे शिबिरजीवन स्वभावतःच मुक्त किंवा लोकशाहीवादी असते असे मानता येत नाही. तेच रान आणि तोच डोंगर आज्ञाधारक अनुयायीही घडवू शकतो. हान यांच्या योजनेत या धोक्यावरील उतारा सेवेच्या रूपाने येतो. आधुनिक तरुणाईत शरीरस्वास्थ्य, पुढाकार, स्मृती व कल्पनाशक्ती, हस्तकौशल्य, आत्मशिस्त आणि करुणा यांचा ऱ्हास होत आहे, असे त्यांचे निदान होते. त्यांपैकी करुणेचा ऱ्हास त्यांना सर्वांत घातक वाटे. म्हणून गॉर्डन्स्टनचे विद्यार्थी समुद्रकिनाऱ्यावर तटरक्षणाचा पहारा देत असत. बुडणाऱ्याला वाचविण्याची खरी जबाबदारी अंगावर असेल तर शारीरिक बळाला नैतिक दिशा मिळते, अशी त्यामागील धारणा होती.

अ‍ॅबरडोव्ही : युद्धकाळातील प्रयोग

दुसऱ्या महायुद्धात गॉर्डन्स्टन शाळेला स्कॉटलंडमधून वेल्समध्ये स्थलांतर करावे लागले. या काळात हान यांचा संबंध ब्ल्यू फनेल या जहाज कंपनीचे भागीदार लॉरेन्स होल्ट यांच्याशी दृढ झाला. जर्मन पाणबुड्यांच्या माऱ्यात व्यापारी जहाजे बुडत होती. जीवरक्षक नौकांत उतरलेल्या खलाशांपैकी तरुण आणि सुदृढ मुले आधी धीर सोडतात आणि शिडाच्या जहाजांवर घडलेले वयस्क खलाशी मात्र तग धरतात, असे होल्ट यांचे मत झाले होते. हे मत पद्धतशीर पाहणीवर आधारलेले नव्हते; ते एका जहाजमालकाचे अनुभवजन्य अनुमान होते. तरीही त्यातून उभा राहिलेला प्रश्न मूलगामी होता. शारीरिक क्षमता पुरेशी नसेल, तर संकटात माणसाला टिकवून धरणारी गोष्ट कोणती आणि ती शिकविता येते काय?

होल्ट यांच्या आर्थिक पाठबळावर ऑक्टोबर १९४१ मध्ये अ‍ॅबरडोव्ही येथे सागरी शाळा सुरू झाली. जिम होगन हे तिचे पहिले प्रमुख होते. बंदर सोडून मोकळ्या समुद्राकडे निघालेल्या जहाजासाठी नाविकांच्या भाषेत जो शब्दप्रयोग आहे, तोच ‘आउटवर्ड बाउंड’ हा शब्द होल्ट यांच्या आग्रहाने शाळेचे नाव ठरला. अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा होता. शिडाच्या होड्या हाकणे, मैदानी खेळ, डोंगरांतून लांब पल्ल्याची पदयात्रा, नकाशा व होकायंत्राचा वापर आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण हे त्याचे घटक होते. होल्ट यांची भूमिका अशी होती की, हे शिक्षण समुद्रासाठी असण्यापेक्षा समुद्राच्या द्वारे दिलेले शिक्षण असावे, म्हणजे कोणत्याही व्यवसायातील तरुणाला ते उपयोगी पडेल.

या प्रयोगाची दोन वैशिष्ट्ये पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पहिले वैशिष्ट्य सामाजिक होते. जहाज कंपनीचे उमेदवार, कारखान्यांतील शिकाऊ कामगार आणि निवासी शाळांतील मुले येथे एकाच होडीत बसत. कामकरी मुलांचा खर्च बहुधा त्यांचे मालक उचलत. दुसरे वैशिष्ट्य शैक्षणिक होते. पहिल्या आठवड्यात प्रशिक्षक सांगेल तसे वागणारा मुलगा अखेरच्या आठवड्यात आपल्या गटासह मार्ग ठरवून निर्णय घेऊ लागे. चार आठवड्यांचा अवधी केवळ दमविण्यासाठी नव्हता. सूत्रे हळूहळू हाती देता यावीत यासाठी तो आवश्यक होता.

समुद्राकडून पर्वताकडे

युद्धानंतर, १९४६ मध्ये, आउटवर्ड बाउंड न्यासाची स्थापना झाली. १९५० मध्ये इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील एस्कडेल येथे पर्वतशाळा सुरू झाली आणि १९५१ मध्ये मुलींसाठी पहिला अभ्यासक्रम घेण्यात आला. १९५४ मध्ये मलायातील लुमुट येथे ब्रिटनबाहेरील पहिली शाळा निघाली. युद्धकाळात ‘चारित्र्यघडण’ हा परवलीचा शब्द होता. पुढील दोन दशकांत त्याची जागा हळूहळू ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या शब्दाने घेतली. हा बदल केवळ शब्दांपुरता नव्हता. चारित्र्याच्या कल्पनेत मुलाकडून समाजाची अपेक्षा व्यक्त होत होती. विकासाच्या कल्पनेत मुलाची स्वतःकडून असलेली अपेक्षा व्यक्त होऊ लागली. या स्थित्यंतरात सेवेचा धागा काहीसा क्षीण झाला.

अमेरिकेत कोलोरॅडो येथील शाळेचा पहिला अभ्यासक्रम १९६२ मध्ये झाला. मुलाने अरण्यात काही काळ, कधी तीन दिवसांपर्यंत, एकट्याने राहण्याचा ‘एकांतवास’ हा घटक तेथे रुजला. या शाळेत मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केलेले पॉल पेट्झोल्ट हे १९३८ च्या के-२ मोहिमेत सहभागी झालेले अनुभवी गिर्यारोहक होते. शिबिरांची मागणी वाढत आहे, परंतु मुलांना अरण्यात नेण्याची खरी पात्रता असलेली माणसे पुरेशी नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९६५ मध्ये त्यांनी वायोमिंग राज्यातील लँडर येथे नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल ही नेतृत्वप्रशिक्षणाची संस्था काढली. धैर्यापेक्षा विवेकबुद्धी हा नेत्याचा प्रधान गुण आहे, हे तिचे सूत्र होते. शिबिरार्थी घडविण्याच्या चळवळीला शिबिरप्रमुख घडविण्याची गरज येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे जाणवली.

दोन अपघात आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

ही गरज किती तातडीची होती हे नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर दिसून आले. एडिंबरा येथील एका शाळेची मुले हिवाळी पदभ्रमणासाठी तेथे गेली होती. पठारावर बांधलेल्या एका लहान आसऱ्यात रात्री मुक्काम करावयाचा बेत होता. हिमवादळात एक गट तेथपर्यंत पोहोचू शकला नाही आणि त्याला दोन रात्री उघड्यावर काढाव्या लागल्या. पाच विद्यार्थी आणि एक अठरा वर्षांची सहायक प्रशिक्षक यांचा मृत्यू झाला. चौकशीनंतर मुलांना पर्वतात नेणे बंदच करावे, असाही सूर उमटला. प्रत्यक्षात चर्चेचा भर मार्गदर्शकांच्या पात्रतेवर, हवामान आणि मुलांची क्षमता यांच्या अंदाजावर, तसेच पालकांना पूर्वकल्पना देण्यावर राहिला. पठारावरील आसऱ्यांचा वादही उद्बोधक आहे. असे आसरे सुरक्षिततेसाठी असले, तरी ते आहेत या भरवशावर गट भलत्या हवामानात वर जातात, असा युक्तिवाद झाला आणि पुढे ते हटविण्यात आले. सुरक्षेचे साधन विवेकाची जागा घेऊ लागले की तेच धोक्याचे कारण ठरते, हा या वादाचा मथितार्थ होय.

दुसरा अपघात २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात झाला. एका खासगी साहसकेंद्राने आठ विद्यार्थी व त्यांच्या शिक्षकांना कयाक होड्यांतून समुद्रात नेले. वारा आणि लाटा यांनी होड्या उलटल्या, मदत पोहोचण्यास विलंब झाला आणि चार किशोरवयीन विद्यार्थी दगावले. तेथील त्रुटींविषयी पूर्वीच्या प्रशिक्षकांनी व्यवस्थापनाला आधीच लेखी इशारा दिला होता, हे खटल्यात उघड झाले. १९९४ मध्ये कंपनी आणि तिचा व्यवस्थापकीय संचालक हे दोघेही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले. ब्रिटिश न्यायव्यवस्थेत एखादी कंपनी या गुन्ह्यासाठी दोषी ठरण्याची ही पहिलीच वेळ होती. १९९५ मध्ये अल्पवयीनांसाठीच्या साहसकेंद्रांच्या सुरक्षेचा कायदा संमत झाला आणि १९९६ पासून परवाना पद्धती लागू झाली.

या दोन घटनांमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. केर्नगॉर्मच्या वेळी प्रश्न व्यक्तीच्या निर्णयक्षमतेचा होता; लाइमच्या वेळी तो संस्थेच्या वर्तनाचा होता. शिबिर हा व्यवसाय झाल्यानंतर धोक्याचा निर्णय केवळ होडीवरील प्रशिक्षक घेत नाही. प्रशिक्षक किती नेमावयाचे, साधनांवर किती खर्च करावयाचा आणि आलेल्या तक्रारीचे काय करावयाचे हे कार्यालयात ठरते व त्याचे परिणाम मुलाला समुद्रात भोगावे लागतात.

भारतीय आणि महाराष्ट्रीय संदर्भ

भारतात किशोरवयीनांच्या साहसशिक्षणाचा एक उगम डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये आढळतो. १९३५ मध्ये सुरू झालेल्या या शाळेतील जॅक गिब्सन, जॉन मार्टिन आणि आर. एल. होल्ड्सवर्थ हे शिक्षक विद्यार्थ्यांना हिमालयात नेत असत. गिब्सन यांच्या बंदरपूँछ शिखराच्या मोहिमांत तेनझिंग नोर्गे सहभागी होते. या शाळेचे विद्यार्थी नरेंद्रधर जयाल हे पुढे दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूटचे पहिले प्राचार्य झाले. एव्हरेस्टवरील १९५३ च्या यशानंतर पंडित नेहरूंच्या प्रोत्साहनाने ४ नोव्हेंबर १९५४ रोजी ही संस्था स्थापन झाली आणि प्रत्यक्ष पर्वतावरील प्रशिक्षणाची धुरा तेनझिंग यांच्याकडे आली. १९६५ मध्ये उत्तरकाशी येथे नेहरू गिर्यारोहण संस्था सुरू झाली. गिर्यारोहणाच्या मूलभूत प्रशिक्षणाबरोबर किशोरवयीनांसाठी अल्पमुदतीचे साहस अभ्यासक्रमही या संस्थांनी चालविले. निवडक मुलांच्या शाळेत सुरू झालेला उपक्रम राष्ट्रीय संस्थांच्या द्वारे सामान्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचला, ही या इतिहासातील जमेची बाजू आहे.

महाराष्ट्रात १९५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या गिरिविहारपासून स्वयंसेवी गिर्यारोहण संस्थांची परंपरा सुरू झाली. सह्याद्रीचे गड-किल्ले हे या परंपरेचे पाठशाळेसारखे अंग होते. या संस्थांतील मार्गदर्शक बहुधा नोकरी सांभाळून, विनामोबदला काम करीत आणि नवखा सदस्य अनेक मोहिमांत अनुयायी म्हणून वावरल्यावरच दोराच्या अग्रभागी येत असे. एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीतील ऊन आणि पाण्याची टंचाई यांमुळे सुट्टीतील शिबिरे बरीचशी हिमालयाकडे वळली. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या यूथ होस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाने अल्प शुल्कात हिमालयीन पदभ्रमणाची संधी देऊन मध्यमवर्गीय युवकांसाठी हे दार उघडले. तळापासून वरपर्यंत तंबूंची साखळी उभारून एकामागून एक तुकड्या पुढे सरकविण्याची ही पद्धत खर्चाच्या दृष्टीने अत्यंत परिणामकारक ठरली. तथापि आखून दिलेल्या वाटेवरून पुढच्या तंबूकडे जाणाऱ्या शिबिरार्थ्याला स्वतः निर्णय घेण्याचे प्रसंग मर्यादितच येतात, हेही नोंदवावयास हवे.

सेवेचा जो धागा पाश्चात्त्य शिबिरांत क्षीण झाला, तो महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने बळकट झाला. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी ऐन मे महिन्याच्या उन्हात भरत आली आहे. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत आरंभ झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरांनीही श्रम आणि समाजसंपर्क यांना अभ्यासक्रमालगतचे स्थान दिले. या छावण्यांना कोणी साहसशिबिर म्हणत नाही. परंतु बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी होडी हाकणे आणि गावाच्या पाण्यासाठी बंधारा घालणे या दोहोंत कष्टाला दुसऱ्याच्या गरजेचा संदर्भ आहे. हान यांना अभिप्रेत असलेले शिक्षण ते हेच. साहसशिबिरे आणि सेवाशिबिरे यांचा आपल्याकडे परस्परांशी फारसा संवाद झाला नाही, ही उणीव म्हणावी लागेल.

सुरक्षेच्या बाबतीत राज्य शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. हौशी, विनामोबदला संस्था आणि व्यावसायिक आयोजक यांना एकच मापदंड लावावा काय, हा त्यानिमित्ताने निर्माण झालेला वाद महत्त्वाचा आहे. लाइमच्या अनुभवाच्या प्रकाशात असे म्हणता येईल की, नफ्यासाठी चालणाऱ्या केंद्रावर बाह्य नियंत्रण अपरिहार्य आहे. मात्र नोंदणीचा कागद केर्नगॉर्मच्या पठारावरील आसऱ्याप्रमाणे खोटा दिलासा देणारा ठरू नये.

परिणामकारकतेचा प्रश्न

साहसशिबिरांचा परिणाम टिकतो काय, याचा शोध जॉन हॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ९६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून घेतला. सरासरी परिणाम मध्यम स्वरूपाचा (०.३४) आढळला. शिबिर संपल्यावर तो विरून न जाता काही अंशी वाढत गेला, ही शैक्षणिक उपक्रमांत विरळा दिसणारी गोष्ट होय. त्याच वेळी कार्यक्रमा-कार्यक्रमांतील तफावत मोठी होती आणि दीर्घ मुदतीच्या शिबिरांचा परिणाम अधिक होता. केवळ रानात नेल्याने शिक्षण घडत नाही. कोण नेतो, किती काळ नेतो आणि तेथे काय सोपवितो यावर ते अवलंबून असते, या ऐतिहासिक निष्कर्षाला या आकडेवारीने दुजोरा मिळतो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला निष्कर्ष असा की, साहसशिबिराची प्रेरणा काळानुसार युद्ध, श्रम, साम्राज्य, चारित्र्य आणि व्यक्तिविकास अशी बदलत गेली. परंतु जेथे मुलावर इतरांची खरी जबाबदारी सोपविली गेली, तेथेच त्याला शैक्षणिक अर्थ प्राप्त झाला. दुसरा निष्कर्ष असा की, सुरक्षितता ही साहसाची विरोधी नसून पूर्वअट आहे. जबाबदारी सोपविणाऱ्याला ती केव्हा परत घ्यावयाची हेही कळले पाहिजे. तिसरा निष्कर्ष महाविद्यालयांशी निगडित आहे. बाहेरील आयोजकाकडे विद्यार्थी सुपूर्द केले म्हणजे संस्थेचे उत्तरदायित्व संपत नाही. मार्गदर्शकाची पात्रता, विद्यार्थ्यांच्या तुलनेत मार्गदर्शकांचे प्रमाण, पूर्वीच्या तक्रारी आणि माघारीचा आराखडा यांची विचारणा करणे हा प्राध्यापकाच्या शैक्षणिक कार्याचाच भाग मानला पाहिजे.

माघार घेण्याचा निर्णय हा साहसशिक्षणातील कदाचित सर्वांत अवघड पाठ आहे. शिखर थोडक्यावर असताना हवामान पाहून परतणारा गट काही गमावून येतो असे शिबिराच्या माहितीपत्रकाला वाटू शकते. शिक्षणाच्या दृष्टीने पाहता त्या गटाने शिबिराचे प्रयोजन पूर्ण केलेले असते.